फळीमागची तार

आमच्या निर्मळला थंडी येते ती पाहुण्यासारखी. संक्रांतीच्या अलीकडे-पलीकडे आठ-दहा दिवस राहते, पहाटे तळ्यावर थोडे धुके धरते, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची विचारपूस करते आणि निघून जाते. या गावात गोठलेले पाणी कुणी पाहिले असेल तर ते मासळीच्या पाटीत. तेव्हा गेल्या दोन वर्षांत मी ज्या वस्तूचा सर्वांत जास्त विचार केला, ती वस्तू म्हणजे पाण्याची टाकी गोठू नये म्हणून लावायचा एक विजेचा हीटर आहे, असे सांगितले तर शाळेतले सहकारी हसतील. हसतातच. चित्रकलेचा मास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा, त्यातून शिक्षण दहावीपर्यंतचे आणि वर चित्रकलेची एक पदविका. अशा माणसाने व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गोष्टी कराव्यात हे विज्ञानाच्या बाईंना तर मुळीच रुचत नाही. पण त्या हीटरने मला एका प्रश्नाजवळ आणून सोडले आणि तो प्रश्न विज्ञानाच्या बाईंच्या तासात येत नाही.

हीटर माझ्या भाच्याचा. तो कॅनडात, कॅलगरी शहरी असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याने एका वृद्ध जोडप्याकडून जुने मोटारघर विकत घेतले. मोटारघर म्हणजे आपल्या एस.टी.हून थोडे आखूड असे वाहन. आत ओटा, शेगडी, पलंग, न्हाणीघर, सारे काही. चाकांवर संसार करणे आपल्याला अगदी अपरिचित आहे असे नाही. गाडीलोहारांचे संसार लहानपणी आपण सर्वांनी रस्त्याच्या कडेला पाहिले आहेत. फरक एवढाच की ते गाडीत राहतात ते घर नाही म्हणून, आणि भाच्याने गाडी घेतली ती घरात राहून कंटाळा येतो म्हणून. अलीकडे आपल्या सरकारनेही हा शौक मनावर घेतला असून २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. असो.

या गाडीच्या तळफळीखाली, बाहेरून झाकणे उघडतील असे कप्पे असतात. त्यांतल्या एका कप्प्यात पाण्याची टाकी, पंप, नळ्यांचे सांधे आणि चाव्या अशी सगळी गर्दी असते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि त्या फुगण्यापुढे प्लॅस्टिकच्या नळीचेच काय, लोखंडाचेही काही चालत नाही. म्हणून या कप्प्यात एक छोटा हीटर बसवतात. तो गाडीच्या बॅटरीवर, म्हणजे अवघ्या बारा व्होल्टवर चालतो. हवा गोठणबिंदूच्या जवळ आली की थर्मोस्टॅट त्याला उठवतो आणि ऊब झाली की निजवतो.

ऑक्टोबर महिन्यात पहिला कडक गारठा पडला, हीटर उठला नाही आणि एक एल्बो तडकला. सकाळी बर्फ वितळले तसे पाणी तळफळीत मुरले. आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजले होते, त्यांच्याकडे सकाळचे साडेनऊ. माझ्या फोनवर भाच्याचे तोंड उमटले. डोक्यावर लोकरी टोपी, नाक लाल.

"मामा, तुम्हाला दाखवतो. आजोबांबरोबर तुम्ही हिंडलात ना, तुम्हाला कळेल."

माझे वडील वायरमन होते. निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, अशा आसपासच्या गावांतली कितीतरी घरे त्यांच्या हातून उजळली. त्या काळी भिंतीवर सागवानी बॅटन ठोकून त्यावर तार नेत आणि पत्र्याच्या चिमट्या वळवून ती दाबून बसवीत. सुट्टीत मी त्यांच्या पाठीमागून पिशवी घेऊन हिंडे. चिमट्या किती अंतरावर मारायच्या याचे त्यांचे एक माप होते आणि माळ्यावर, कौलांखाली, जिथे मांजराशिवाय कुणी जाणार नाही तिथेही ते माप बदलत नसे. प्रत्येक सांधा केल्यावर ते तो ओढून पाहत. मला वाटे, आत्ताच केला, तो सुटेल कसा? पण एखादा सुटे. मग ते काही न बोलता पुन्हा करीत. फ्यूजविषयी त्यांचे एक वाक्य ठरलेले होते: फ्यूज यंत्रासाठी नसतो, तारेसाठी असतो. गणपतीत रोषणाई वाढली की लोक कट-आउटमध्ये जाड तार घालीत, म्हणजे फ्यूज उडणार नाही आणि आरतीत अंधार होणार नाही. वडील दुसऱ्या दिवशी जाऊन ती काढीत आणि शिव्या खाऊन येत.

भाच्याने कप्प्यातली फळी उतरवली आणि फोन आत धरला. मला प्रथम वाटले, कोळ्याचे जाळे आहे. मग दिसले ते असे. हीटरला जाणारी तार घरातल्या दिव्याला घालतात तेवढी बारीक. मध्येच ती दुसऱ्या रंगाच्या तारेला नुसती पिळून जोडलेली, वर काळी टेप, टेपचा डिंक वितळून ओघळलेला. सांध्यामागचे लाकूड तपकिरी झालेले, मधोमध काळे. आणि फ्यूजच्या जागी तीस अँपिअरचा फ्यूज, जिथे त्या तारेचे दहा-बारा अँपिअरच्या पुढे काही खरे नव्हते. हीटरही गंजलेला होता; पण वीज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती, ती त्या सांध्यातच जळून संपली होती.

येथे थोडा हिशेब सांगतो. वाचकांनी कंटाळू नये. चकलीच्या भाजणीचे प्रमाण यापेक्षा अवघड असते. हीटर १२० वॅटचा. आपल्या घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर असा हीटर जेमतेम अर्धा अँपिअर प्रवाह घेईल. बारा व्होल्टवर तेवढीच ऊब द्यायची तर त्याला दहा अँपिअर लागतात. दाब कमी म्हणून प्रवाह जास्त. आणि प्रवाह जास्त म्हणून तार जाड हवी. लोकांची समजूत नेमकी उलटी असते. बारा व्होल्ट म्हणजे काय, बोट लावले तरी धक्का बसत नाही. मग जी हाताला येईल ती तार चालेल! बॅटरीपासून हीटरपर्यंत पाच मीटर आणि परत पाच मीटर असे दहा मीटर अंतर. एक चौरस मिलिमीटरच्या तारेने ते ओलांडले तर वाटेत दीड व्होल्ट गळतात आणि १२० वॅटचा हीटर ९० वॅटचा होतो. तार सहा चौरस मिलिमीटरची घातली तर तोच ११४ वॅट देतो. पण खरी गोम सांध्यात असते. ढिल्या पिळलेल्या सांध्याचा रोध एक दशांश ओहम जरी धरला, तरी आठ अँपिअर प्रवाहाला त्या मण्याएवढ्या जागेत सहा वॅटहून अधिक उष्णता निघते. ती टेपच्या आत कोंडून राहते आणि बाहेर दिसत नाही. हिवाळाभर रोज रात्री ती लाकूड भाजीत बसते. कमी दाबाची वीज धक्का देत नाही, पण आग लावू शकते.

पुढचे तीन शनिवार आम्ही मामा-भाच्यांनी त्या कप्प्यात काढले. म्हणजे तो कप्प्यात आणि मी पडवीत, पंख्याखाली. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवले. नवा हीटर आला, सहा मिलिमीटरची तार आली. फ्यूज पंधरा अँपिअरचा, आणि तो हीटरजवळ न घालता बॅटरीच्या अगदी शेजारी, कारण त्याच्या अलीकडची तार कुणाच्याच राखणीत नसते. जिथे तार पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश, नाहीतर गाडीच्या हादऱ्याने पत्रा तारेचे कातडे सोलतो. टोकांना लग दाबून बसवले, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. परतीची तार गाडीच्या सांगाड्याला न जोडता सरळ बॅटरीकडे नेली. थर्मोस्टॅट हीटरच्या झोतापासून दूर, चाव्यांपाशी; तो झोतात ठेवला तर स्वतःच्याच उबेवर समाधान मानून झोपून जातो आणि पलीकडे नळ्या गोठतात. (अशी माणसेही मला माहीत आहेत.) शेवटी भाच्याने शीतपेटीतली मटारची पिशवी थर्मोस्टॅटवर दाबून धरली. टक् असा आवाज झाला आणि पंखा फिरू लागला. त्या पंख्याची गरम हवा त्याच्या तोंडावर आली तेव्हा इकडे मला घाम फुटला होता, पण आनंद दोघांना सारखाच झाला.

"सांधे ओढून पाहिलेस का?" मी विचारले.

"सगळे. दोनदा."

मी त्या सबंध जोडणीचे एक चित्र काढले, तारांना खरे रंग दिले, आकडे घातले आणि फोटो काढून पाठवला. त्याने ते छापून फ्यूजच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले. माझ्या एकाही चित्राला इतकी मानाची जागा आजवर मिळालेली नाही.

मात्र भाच्याचा राग गेला नव्हता. "त्यांना माहीत होतं, मामा," तो त्या वृद्ध जोडप्याविषयी म्हणाला. "तीस अँपिअरचा फ्यूज आपोआप येतो का? आधीचे उडत होते म्हणून घातला ना? मी गाडी बघायला गेलो तेव्हा आजीबाईंनी कॉफी दिली, घरी केलेला केक दिला. सगळं दाखवलं. फळीमागचं तेवढं नाही." आत मुलगा झोपलेला असताना ते लाकूड पेटले असते तर, हे त्याने बोलून दाखवले नाही, मीही नाही.

२०२५ च्या वसंतात त्याला गाडी विकायची पाळी आली. घर घ्यायचे होते. आता हीटर उत्तम होता, तार उत्तम होती. पण २०२३ मध्ये जे पाणी तळफळीत मुरले होते त्याने प्लायवूड एका कोपऱ्यात मऊ झाले होते. त्याने वरून नवी फळी मारली होती. पाय ठेवला तर कळत नव्हते. ते नीट करायचे तर अर्धी जमीन उखडावी लागणार होती. मित्रांनी त्याला सांगितले, कागदावर "जशी आहे तशी" असे लिही आणि गप्प राहा. विचारले तर खोटे बोलू नकोस, न विचारले तर तोंड उघडू नकोस.

"काय करू, मामा?"

मी शाळामास्तर आहे. असा प्रश्न समोर आला की माझ्या छातीत एक छोटा फळा उभा राहतो. मी त्याला सांगितले, थांब, विचार करून सांगतो. आणि तीन दिवस पुस्तके काढून बसलो. उत्तर मला तेव्हाच ठाऊक होते, पण ते सांगण्यात मला जी मजा येणार होती ती लांबवायची होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

प्रश्न जुना आहे. रोमच्या सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात एक व्यापारी येतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे, धान्य सोन्याच्या भावाने विकते आहे, आणि हा अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजे निघाली आहेत, ती त्याने डोळ्यांनी पाहिली आहेत. त्याने ते सांगावे का? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, मालात दोष नाही, कायद्याने जे सांगायचे ते सांगितले, पुढे चांगला भाव का घेऊ नये? त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसांचे हित सांभाळणे हा तुझा धर्म आहे. त्यांना जे कळायला हवे ते तू दाबून ठेवतोस. मग उदाहरण घराचे निघते. घर आजारी आहे, खोल्याखोल्यांत साप निघतात, लाकूड खराब आहे, हे मालकाशिवाय कुणाला ठाऊक नाही. डायोजिनीस विचारतो, मालकाने काय दवंडी पिटावी की रोगट घर विकणे आहे? या प्रश्नाला आजही टाळ्या पडतील. सिसेरोचा कौल मात्र शिष्याच्या बाजूने पडतो. तो म्हणतो, गप्प राहणे म्हणजे नेहमीच लपवणे नव्हे. पण समोरच्याला जे कळणे त्याच्या हिताचे आहे, ते त्याला कळू नये असे तुला तुझ्या फायद्यासाठी वाटत असेल, तर ते लपवणे होय.

आपल्याकडे महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी आहे. तो इतका स्थिर उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले. त्याला गर्व झाला, तेव्हा त्याला वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे जायला सांगण्यात आले. दुकानात बसून सर्वांना सारख्या तागडीने माल देणारा तो वाणी या तपस्व्याला धर्म सांगतो. मला ही गोष्ट नेहमीच आवडत आली आहे. पण तुलाधाराने गिऱ्हाइकाला मालाचा दोष आपण होऊन सांगितला की नाही, हे मला तिच्यात सापडत नाही.

कायद्याकडे वळावे तर तिथे मोठी गंमत आहे. आपला कराराचा कायदा १८७२ चा. त्याच्या सतराव्या कलमाखाली एक घोडा उभा आहे. मालकाला ठाऊक आहे की घोडा सदोष आहे. तो लिलावात विकतो आणि काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पुढच्याच ओळीत घेणारी मालकाची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. आता मात्र नात्यामुळे सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. घोडा तोच, दोष तोच. परक्याला न सांगणे हा व्यवहार, मुलीला न सांगणे हा अपराध! तिसऱ्या ओळीत घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगला आहे असे धरून चालेन. आणि मालक गप्प. ते गप्प राहणे बोलण्याइतकेच. आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा तर याहून कडक आहे. त्याचे पंचावन्नावे कलम स्थावर विकणाऱ्याला बजावते की जो महत्त्वाचा दोष तुला माहीत आहे, आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने सापडण्यासारखा नाही, तो सांग. न सांगणे ही लबाडी समजली जाईल. घोडा विकणाऱ्याने गप्प राहिले तर चालते, घर विकणाऱ्याने नाही. मग मोटारघर विकणाऱ्याने काय करावे? ते घोड्यासारखे धावते आणि घरासारखे स्थिर उभेही राहते. या विनोदावर मी स्वतःच बेहद्द खूश झालो.

कॅनडात हे कायदे लागू नाहीत हे मला कळत होते. पण भाच्याला कायदा नको होता. रविवारी मी त्याला फोन लावला आणि घोड्यापासून सिसेरोपर्यंत सगळे ऐकवले. शेवटी म्हणालो, "फळी काढून दाखव. तुझ्या आजोबांनी काढून दाखवली असती."

त्याने दाखवली. दोन गिऱ्हाइके परत गेली. तिसऱ्याने दीड हजार डॉलर कमी करून गाडी नेली, आणि झाकणाच्या आतले माझे चित्र पाहून तो म्हणे फार प्रसन्न झाला.

हा लेख इथे संपला असता तर बरे झाले असते. पण मी फोनवर बोलत होतो तेव्हा माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, माहेरी आलेली होती आणि उंबऱ्यात बसून सुकेळी सोलत होती. फोन ठेवल्यावर तिने माझ्याकडे पाहिलेही नाही.

"छान सांगितलंस त्याला," ती म्हणाली. "विहिरीचं सांगितलं होतंस का रे, तेव्हा?"

२०१६ च्या नोव्हेंबरात आम्ही भावंडांनी वाडीतली नऊ गुंठे जागा विहिरीसकट विकली. घेणारे मुंबईचे, नवराबायको, नोकरीतून नुकते निवृत्त झालेले. त्यांना फुलझाडे लावायची होती, चार केळी लावायची होती, विहिरीचे पाणी प्यायचे होते. विहीर त्या वेळी तुडुंब होती. मी स्वतः पोहरा सोडला, पाणी काढले आणि पितळी पेल्यात घालून त्यांना दिले. पाणी अमृतासारखे होते, त्यात काही खोटे नाही. मार्चपासून मृगापर्यंत तीच विहीर खारी होते, एवढे मी म्हणालो नाही.

समुद्रकाठच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी वर वीतभर उतरली की खालची खाऱ्या पाण्याची सीमा साधारण चाळीस विती वर चढते. वसईच्या विहिरींतून टँकर भरभरून पाणी विकले जाऊ लागले तेव्हा इथल्या लोकांनी आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारख्यांनी जे आंदोलन उभारले, त्यामागे हीच भीती होती. वडिलांना हे पुस्तकातून कळले नव्हते. होळी झाली की ते रोज सकाळी विहिरीचा एक घोट जिभेवर घेत आणि ज्या दिवशी तोंड वाकडे होई त्या दिवसापासून वाडीचा पंप बंद करीत. तो पंप त्यांनीच बसवला होता. ते असते तर पेला पुढे करताना काय बोलले असते हे मला पुरते ठाऊक आहे.

आणि माझ्याकडे सबबी होत्या. त्यांनी विचारले नाही. आसपासच्या बऱ्याच विहिरींचे असेच आहे, त्यांनी चौकशी करायला हवी होती. सांगितले असते तर भाव पडला असता, आणि त्या पैशांवर माझा एकट्याचा हक्क नव्हता, भावंडांचा वाटा होता. ही शेवटची सबब मला नेहमी फार उमदी वाटत आली होती. नऊ वर्षे मी त्या कुंपणावरून जात होतो, नमस्कार करीत होतो. पहिल्या वर्षी एप्रिलात त्यांचा मोगरा करपलेला पाहिला तेव्हा मी ऊन फार आहे असे म्हणालो. ते वृद्ध जोडपे कॉफी देणारे होते. मी पाणी देणारा. मी भाच्याबरोबर त्यांच्यावर संतापलो होतो तेव्हा हे माझ्या मनात एकदाही आले नाही, हे मला सर्वांत चमत्कारिक वाटते. धक्का बसत नव्हता ना!

"मी त्या वेळी गप्प राहिले," बहीण म्हणाली, "सही माझीपण आहे."

मी जाईन जाईन म्हणता पावसाळा आला. अखेर यंदा ऋषिपंचमीच्या दिवशी मोदकांचा डबा घेऊन कुंपणापलीकडे गेलो. काकूंनी पाणी आणले, ते बाटलीचे होते. मी म्हणालो, "काकू, विहिरीचं एक बोलायचं होतं."

"खारट होते, तेच ना?" त्या हसल्या. "ते पहिल्याच होळीला कळलं, सर. आम्ही म्हटलं, यांना बोलायचं असतं तर तेव्हाच बोलले असते."

मी घरून चार वाक्ये जुळवून गेलो होतो. त्यांतले एकही मला आठवेना. चुकलो, एवढेच म्हणालो. काका थोडा वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करीत बसले. मग म्हणाले, "झालं ते झालं. उलट तुम्ही आलात ते बरं. मुलगा आम्हाला पुण्याला नेतोय. दसऱ्याला बोरिवलीचं एक गिऱ्हाईक येतंय जागा बघायला. पावसाळ्याचं पाणी असेल तेव्हा विहिरीत. शेजारी म्हणून ते तुम्हालाच विचारतील." आणि जरा थांबून, अगदी सौजन्याने, "तुम्ही आपलं तेव्हासारखंच."

मोदकांचा डबा तिथेच राहिला. परत येताना मी सिसेरोला बरेच प्रश्न विचारले. ज्यांना मी एकदा बुडवले त्यांनाच, माझा सत्याचा हव्यास पुरवण्यासाठी, दुसऱ्यांदा बुडवू? मी बोललो तर त्यांचा भाव पडेल, आणि मी तर माझा चढा भाव केव्हाच खाऊन बसलो आहे. नाही बोललो तर तोच पितळी पेला तिसऱ्याच्या हाती जातो, आणि कदाचित त्यालाही मोगरा लावायचा असेल. डायोजिनीस आणि अँटिपेटर दोघेही या ठिकाणी मला उपयोगी पडेनात. त्यांचा व्यापारी माल विकून निघून जातो. तो शेजारी राहत नाही.

घरी बायको अळू निवडत होती. मी तिला सांगितले. गिऱ्हाइकाने विचारले तर मी खरे ते सांगणार; आणि न विचारले तर काकांनी आपण होऊन सांगावे असे त्यांना म्हणणार. त्यामुळे जो भाव कमी होईल तो काकांनी सोसायचा नाही. खाऱ्या विहिरीची जागा गोड्या विहिरीच्या भावाने मी विकली, तेव्हा तो फरक माझ्या बाजूचा आहे.

"किती?" तिने विचारले.

मी एक आकडा सांगितला. गेली चार वर्षे आम्ही पडवीवर खोली चढवायची म्हणून जे साठवतो आहोत, त्याहून तो थोडा मोठा होता. तिने पाच-सहा पाने उलटी करून देठ सोलले. मग म्हणाली, "आधी तो दस्त काढा कपाटातून. बघू द्या कोणकोण आहे त्यात."

मी दस्त काढला. शेवटच्या पानावर विकणाऱ्यांच्या तीन सह्या आहेत. माझी, बहिणीची आणि धाकट्या भावाची. बहिणीला फोन केला तेव्हा तिने हिशेब मांडून पाठव म्हणून सांगितले आणि दुसरे काही विचारले नाही. भावाला अजून सांगायचे आहे. त्याने आपल्या वाट्यातून रिक्षा घेतली होती. ती त्याने तीन वर्षांपूर्वी विकली.